साथीच्या दिवसांतील सेवाधर्म

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पुरी होत आहेत. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेसाठी कुणी पाककृती लिहिल्या आहेत, कुणी यात्रेचे वर्णन केले आहे. माझ्या वाट्याला इतिहासाचा विषय आला. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, आणि शाळेत इतिहास म्हणजे लढाया आणि सनावळ्या एवढेच पदरी पडले. परंतु मंडळाच्या वाचनालयातून गेली काही वर्षे मी जी पुस्तके घरी नेली, त्यांत पुण्याच्या प्लेगची हकिगत वारंवार वाचनात आली. २०२० साली आपण सर्वांनी जे भोगले, त्यानंतर ती हकिगत मला फार जवळची वाटू लागली.

साथ आली म्हणजे सरकारचे नियम येतात, डॉक्टरांची औषधे येतात. पण नियम आणि औषध ही दोन्ही रोग्याच्या दारापर्यंत नेणारे एक माणूस लागते. त्या माणसाने कसे वागावे, काय बोलावे, काय पोटात ठेवावे आणि स्वतःचा जीव कुठवर धोक्यात घालावा, हा प्रश्न जुना आहे. तो आपल्या मंडळापुढेही आला होता आणि पुन्हा येणार नाही असे कोणी सांगावे? म्हणून आपल्याच गावात पूर्वी काय घडले ते आधी सांगते.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात माणसे एकाएकी तापाने मरू लागली. काखेत, जांघेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत माणूस जाई. डॉक्टर व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले. लोक घाबरून मुंबई सोडू लागले. लक्षावधी माणसे रेल्वेने, बैलगाडीने, पायी आपापल्या गावी निघाली. रोगही त्यांच्याबरोबर निघाला आणि वर्ष संपण्याच्या सुमारास तो पुण्यात आला.

त्या वेळी या रोगाची खरी वाट कोणालाच ठाऊक नव्हती. रोगाचे जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडले होते, परंतु ते उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसाला लागतात हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवून दिले. म्हणजे १८९७ साली सरकार आणि जनता दोघेही अंधारातच चाचपडत होते. हाफकिन साहेबांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. दुसऱ्याला टोचण्यापूर्वी आपल्याला टोचून घ्यावी, हा त्यांचा क्रम मला फार आवडला. साथीत काम करणाऱ्याने तो नेहमी डोळ्यांपुढे ठेवावा.

आता सावित्रीबाईंची गोष्ट. सावित्रीबाई फुले म्हटले की आपल्याला १८४८ ची मुलींची शाळा आठवते आणि ते योग्यच आहे. पण त्यांचे शेवटचे काम प्लेगमधले आहे, हे कित्येकींना ठाऊक नसते. जोतीराव १८९० मध्ये गेले. त्यानंतरही सावित्रीबाई सत्यशोधक समाजाचे काम करीत राहिल्या. त्यांचे दत्तकपुत्र यशवंत हे डॉक्टर होते. पुण्यात प्लेग पसरला तेव्हा सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतले आणि गावाबाहेर, हडपसरकडे ससाणे यांच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना काढला. तेव्हा त्यांचे वय सहासष्ट वर्षांचे होते. त्या वयात आपण गुडघे धरून बसतो.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे त्यांना कळले. मुंढवा, हडपसर ही नावे आपल्याला घराजवळची आहेत. आज रिक्षाने आपण पाऊण तासात जाऊन येतो. त्या काळी त्या वस्तीत पाऊल टाकायलाही वरच्या जातींची माणसे तयार नसत, आणि प्लेगच्या रोग्याला तर स्वतःचे नातलगही भीत. सावित्रीबाईंनी त्या मुलाला आपल्या पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले, असे सांगतात. या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. यशवंतरावांनाही पुढे १९०५ मध्ये प्लेगच्याच साथीत रोग्यांची सेवा करताना मृत्यू आला. एका घरातील आई आणि मुलगा, दोघेही एकाच कामात खर्ची पडले.

या गोष्टीतील एक बारीकसा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. रोग्याला घरातून हलवून वेगळे ठेवावे हे सावित्रीबाईंनाही मान्य होते. त्यांनी मुलाला घरीच ठेवा असे सांगितले नाही, दवाखान्यातच नेले. सरकारही तेच करायला निघाले होते. तरी एका कृतीला आपण हात जोडतो आणि दुसरीचे नाव काढले की पुण्यातील जुनी घरे अजून कडू होतात. हे असे का झाले, ते पाहू.

फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. त्याने अधिकाऱ्यांना घरे तपासण्याचे, माणसे हलवण्याचे, प्रवास थांबवण्याचे मोठे अधिकार मिळाले. पुण्यासाठी रँड नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली एक प्लेग समिती नेमली गेली. सावित्रीबाई गेल्या त्याच आठवड्यात, मार्चच्या मध्यास, गोऱ्या शिपायांनी घरोघर झडती घ्यायला सुरुवात केली. या कामावर सुमारे नऊशे लष्करी माणसे होती. शिपाई बुटांसह घरात शिरत, माजघरात आणि देवघरातही जात. सामान बाहेर काढून जाळीत, जमिनी उकरीत, भिंतींवर औषध मारीत. संशय आला की माणसाला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेत. स्त्रियांना परपुरुषांपुढे, प्रसंगी उघड्यावर, तपासले जाई, अशा तक्रारी झाल्या. ज्या घरांतील बायका परक्या पुरुषापुढे डोक्यावरचा पदर ढळू देत नसत, त्यांची अवस्था काय झाली असेल, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

याचा परिणाम उलटा झाला. लोक रोगी लपवू लागले. कुणी ताप आलेल्या माणसाला माळ्यावर लपवावे, कुणी रातोरात गाव सोडावे. रोग जितका लपवला जाई तितका पसरे. पुढे २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. त्याच रात्री आयर्स्ट नावाचा दुसरा अधिकारी ठार झाला आणि रँड काही दिवसांनी मेला. चापेकर बंधू फाशी गेले. हा भाग आपण शाळेत शिकलो आहोत. माझा विषय त्याच्या मागचा आहे. चांगल्या हेतूचा नियमसुद्धा माणसाची अब्रू पायदळी तुडवून राबवला, तर लोक औषधालाही शत्रू समजतात.

या काळात पुण्यातील पुढारी काय करीत होते? कित्येक प्रतिष्ठित मंडळी गाव सोडून गेली होती. लोकमान्य टिळक मात्र पुण्यातच राहिले. त्यांनी हिंदूंसाठी निराळे प्लेगचे इस्पितळ उभे करण्यात पुढाकार घेतला आणि वर्तमानपत्रांतून सरकारच्या पद्धतीवर टीकाही केली. हातात काम असताना केलेली टीका होती ती.

पंडिता रमाबाईंवर शारदा सदनातील कित्येक निराधार मुलींची जबाबदारी होती. प्लेगच्या इस्पितळात नेलेल्या मुलींचे काय होते हे त्यांच्या कानी आले, तेव्हा त्यांनी मुंबईच्या ‘बाँबे गार्डियन’ पत्रात उघड पत्र लिहिले. सरकारने त्यांचे म्हणणे नाकारले. पण त्यांचा प्रश्न विलायतेत पार्लमेंटापर्यंत गेला. रमाबाई ख्रिस्ती होत्या, त्यांचे इंग्रजांशी चांगले संबंध होते, त्यांच्या संस्थेला परदेशातून मदत येत होती. गप्प बसणे त्यांना सोयीचे होते. परंतु जिच्या पदराखाली मुली आहेत तिने मुलींची बाजू घ्यायची, एवढाच विचार त्यांनी केला.

नामदार गोखले यांची गोष्ट याहून निराळी आणि जास्त अवघड आहे. ते त्या वेळी इंग्लंडात होते. पुण्याच्या मित्रांच्या पत्रांवरून त्यांनी तेथील वर्तमानपत्राला सांगितले की शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केले. तिकडे मोठी खळबळ उडाली. ते परत आले तेव्हा सरकारने पुरावा मागितला. पत्रे लिहिणारे कोणी पुढे यायला तयार होईनात. गोखल्यांनी त्यांची नावे सरकारला सांगितली नाहीत आणि पुराव्यावाचून केलेल्या आरोपाबद्दल जाहीर माफी मागितली. त्यांच्यावर चहूकडून टीका झाली. भित्रा म्हणाले, देशद्रोही म्हणाले. त्यांनी वाद घालीत बसण्याऐवजी पुण्यात प्लेगचे स्वयंसेवक म्हणून काम केले. मला वाटते, साथीत काम करणारीने या प्रसंगाचा नीट विचार करावा. ऐकीव बातमीवर बोलले की खऱ्या पीडितांचे दुःखही खोटे ठरते. आणि ज्याने विश्वासाने सांगितले त्याचे नाव मात्र आपल्यावर कितीही बोट रोखले गेले तरी सांगायचे नाही.

प्लेग ओसरला, पुन्हा आला, पुन्हा ओसरला. मग १९१८ साली इन्फ्लुएंझा आला. आपल्या जुन्या बायका त्याला मानमोडी म्हणत. पहिले महायुद्ध संपत आले होते. जूनमध्ये मुंबईत ताप सुरू झाला आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्याने उग्र रूप घेतले. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसे गेली असे अंदाज आहेत. १९११ पासून १९२१ पर्यंतच्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी थोडी घटली, यावरून कल्पना यावी. आणि भगिनींनो, या तापाने पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या. बाई आधीच अर्धपोटी, त्यात घरातील प्रत्येक रोग्याच्या उशाशी तीच बसलेली. तिच्या उशाशी बसायला कोण होते? इतिहासाच्या पुस्तकात या बायकांची नावे नाहीत. पण साथीत पहिली सेविका कोण असे विचाराल तर मी त्यांच्याकडे बोट दाखवीन.

याच सुमारास पुण्यात एक चांगले काम रुजत होते. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन सुरू केले आणि तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळण्याची सोय केली. परक्या पुरुषाची, परजातीच्या माणसाची शुश्रूषा करायची, मलमूत्र काढायचे, हे काम त्या काळी चांगल्या घरच्या बाईला शोभत नाही असे मानत. लोकांनी नावे ठेवली. तरी विधवा मुली शिकल्या आणि नोकरीला लागल्या. सेवेला नुसती माया पुरत नाही, तिचे शिक्षण घ्यावे लागते, हे रमाबाईंनी ओळखले होते. न शिकता मदतीला धावलेली बाई स्वतः आजारी पडते आणि चार घरी आजार पोचवते.

आता आपल्या काळाकडे येते. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले करोनाचे रुग्ण सापडले, ते पुण्यातच. दुसऱ्या दिवशी सावित्रीबाईंचा स्मृतिदिन होता. पंधरवड्यात सारा देश टाळेबंद झाला. त्या वेळी सरकारने जो कायदा हाती घेतला तो १८९७ चाच होता. पुढे त्यात दुरुस्ती झाली आणि आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्याला शिक्षेची तरतूद झाली. सव्वाशे वर्षांपूर्वी सेवकाच्या हातून लोकांना संरक्षण हवे होते, २०२० मध्ये लोकांच्या हातून सेवकाला संरक्षण द्यावे लागले. दोन्ही वेळा विश्वासच तुटला होता.

आपल्या भागात आशाताई दारोदार फिरत होत्या. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची पाहणी झाली तेव्हा तापमान बघायचे, बोटाला यंत्र लावून प्राणवायू बघायचा, वहीत लिहायचे, असे त्यांचे काम. मानधन थोडे, आणि सुरुवातीला तर धड मुखपट्टीही हातात नव्हती. काही घरांनी त्यांच्या तोंडावर दार लावले. एका आशाताईंना त्यांच्याच घरमालकाने खोली सोडायला सांगितले. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला तेव्हा मला आनंद झाला. पण त्याच्या आदल्याच वर्षी महाराष्ट्रातील आशांना मानधनासाठी संप करावा लागला होता, हेही विसरता येत नाही.

आपल्या मंडळाने त्या दिवसांत पोळीभाजीचे डबे दिले, मुखपट्ट्या शिवल्या. त्याचा हिशेब अहवालात आहेच. अहवालात नसलेली एक हकिगत सांगते. आपल्याच एका गल्लीत एका घरातील वडीलधाऱ्या गृहस्थांना ताप आला. घरच्यांनी तो लपवला. दुकान बंद पडेल, घरावर पाटी लागेल, मुलीचे जमत आलेले लग्न मोडेल, ही त्यांना भीती. मंडळाच्या एका भगिनीला हे कळले. तिच्यापुढे दोन रस्ते होते. कार्यालयात कळवले असते तर तासाभरात गाडी आली असती. तसे न करता ती संध्याकाळी त्या घरासमोर अंतर राखून खुर्ची टाकून बसली. कुणाला कळणार नाही असे खोटे वचन तिने दिले नाही. घरातल्यांचा डबा मी पाठवीन, आजीच्या गोळ्या वेळेवर येतील, इस्पितळात फोन करून रोज निरोप आणीन, एवढे तिने कबूल केले, आणि सकाळपर्यंत तुम्ही तयार झाला नाहीत तर मला कळवावे लागेल हेही स्पष्ट सांगितले. सकाळी ते गृहस्थ स्वतः चालत तपासणीला गेले आणि पंधरा दिवसांनी बरे होऊन आले.

या रात्रभराच्या उशिरावरून आपल्या मंडळात आजही दोन मते आहेत. काहींचे म्हणणे, तेवढ्या वेळात शेजाऱ्यांना संसर्ग झाला असता तर? हा आक्षेप खोटा नाही. मला मात्र त्या भगिनीचे वागणे योग्य वाटते. तिने नियम मोडला नाही, रोग झाकला नाही. त्या घराला आपल्या पायांनी बाहेर पडण्यासाठी एका रात्रीची सवड दिली. त्यानंतर त्या गल्लीत ताप लपवण्याचा प्रकार झाला नाही. लोक आपण होऊन तिला फोन करीत. परंतु माणूस धापा टाकीत असता तर हीच सवड देणे चुकीचे ठरले असते. म्हणजे प्रत्येक दारी विवेक ठेवावा लागतो.

त्याच सुमारास दुसऱ्या कुणीतरी आजारी माणसांची नावे आणि घरांचे पत्ते मोबाइलवरून गल्लीभर पाठवले. त्या यादीतल्या एका धुणेभांडी करणाऱ्या बाईची सर्व कामे सुटली. ती बरी झाल्यावरही तीन महिने तिला कुणी उंबरा ओलांडू दिला नाही. १८९७ साली दाराबाहेर परके शिपाई उभे होते. येथे तर यादी फिरवणारे आपल्यातलेच होते.

भगिनींनो, या सर्व वाचनातून मला जे उमगले ते साधे आहे. साथीत सेवा करणारीने रोग्याला गुन्हेगार समजू नये. त्याची जात, धर्म, ऐपत विचारू नये. कळलेली गोष्ट ज्याला कळणे जरूर आहे त्यालाच सांगावी. अन्याय दिसला तर रमाबाईंसारखे बोलावे, पण गोखल्यांना शिकावे लागले ते आधीच शिकून, खात्री करून बोलावे. आणि सेविकेच्या जिवाची काळजी तिला पाठवणाऱ्यांनी घ्यावी. सावित्रीबाईंनी प्राण दिले म्हणून आपण त्यांना वंदन करतो; त्याचा अर्थ पुढच्या प्रत्येक सेविकेने प्राण द्यावेत आणि आपण हार घालावेत, असा नाही. मुखपट्टी, हातमोजे, विमा आणि वेळेवर मानधन मागणारी आशा सेवेत कमी पडत नाही.

म्हणून या रौप्यमहोत्सवी वर्षात माझी एक सूचना आहे. साथ नसताना, डोके शांत असताना, आपण एका सभेत बसून हे नियम लिहून काढावेत: कोण कुणाकडे जाईल, वहीत काय लिहावे, ती वही कोणाच्या कुलपात राहील, आणि जी भगिनी बाहेर जाईल तिचे घर त्या दिवसांत कोण सांभाळील. प्रथमोपचाराचे आणि शुश्रूषेचे शिक्षण पाच-सहा जणींनी तरी घ्यावे. मी माझे नाव त्यांत पहिले घालते. पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी अध्यक्षाबाईंना नम्र विनंती करून हा लेख पुरा करते.